‘थोडं चालता येतं’ असं फोनवर सांगू नका

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका. वय 67. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू गेली. आता डाव्या पायावर थोडाफार भार पेलतो, डावा हात मात्र नावापुरताच आहे. घरात चार पायांची काठी घेऊन चालते, बाहेर व्हीलचेअर लागते. आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला जावं लागतं. मुलगा अर्ध्या दिवसाची रजा टाकून नेतो.

आमच्या भागात एका संस्थेची गाडी आहे. ज्यांना बसमध्ये चढता येत नाही त्यांना घरून नेते, परत आणून सोडते. एकदा धीर करून फोन केला. पलीकडून विचारलं, चालता येतं का? मी म्हटलं, हो, थोडं येतं. तर साधी मोटार आली. ड्रायव्हर स्वयंसेवक होता, माणूस भला, पण न विचारता काखेत हात घालून त्याने मला उचललं. दोन दिवस खांदा ठणकत होता. वाटेत आणखी दोघांना घेतलं, त्यामुळे पोहोचायला उशीर झाला. परतीला सव्वा तास दाराशी ताटकळले. आणि घरी आल्यावर गाडीतून उतरताना पाय उचलेचना, शेजाऱ्यांना हाक मारावी लागली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हापासून फोन केलेला नाही. मनात येतं, मी घरात तर चालते, मग माझ्याहून जास्त गरज असलेल्या कुणाची जागा अडवते आहे का? शिवाय जवळजवळ फुकटात मिळणारी सेवा घ्यायची आणि वर तक्रार करायची, हे बरं दिसतं का? मुलगा काही बोलत नाही, तेच जास्त लागतं. पुन्हा प्रयत्न करावा का, आणि केला तर फोनवर नेमकं सांगायचं काय?

उत्तर :

बाई,

शिक्षिकेला आमच्या तोंडून दुसरी हाक येत नाही, म्हणून बाईच म्हणते.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात त्या ड्रायव्हरचा राग आला. दुसऱ्या वाचनात ‘हो, थोडं येतं’ या शब्दांपाशी अडले. त्या दिवशी जे बिघडलं त्यातलं निम्मं तरी तिथून सुरू झालं. फोन घेणाऱ्यासमोर रकाने असतात. चालतात की नाही, व्हीलचेअर आहे की नाही, सोबत कुणी आहे की नाही. तुमच्या ‘थोडं’साठी त्यात रकाना नाही. त्याने ‘चालतात’ समोर खूण केली आणि मोकळी असलेली मोटार पाठवून दिली. रॅम्पची गाडी कदाचित त्याच आवारात उभी असेल.

हे मी शहाणपणा मिरवायला सांगत नाही. गेली बारा वर्षं मी स्वतः व्हीलचेअरवर आहे आणि पहिली दोन वर्षं मीही फोनवर अशीच बोलायचे. ‘जमेल हो’, ‘काही विशेष नाही’, ‘मी करीन माझं माझं’. पलीकडच्या माणसाला त्रास नको, आपण जड वाटायला नको. पण त्रास टळत नाही, तो फक्त फोनवरून उठून दारात येतो. दारात मग ड्रायव्हर घड्याळ बघतोय, आत बसलेले दोघं खिडकीतून बघताहेत, आणि आपण एक पाय गाडीत, एक पाय रस्त्यावर. भीड भिकेची बहीण म्हणतात ते या बाबतीत मी अगदी शब्दशः अनुभवलंय.

तर तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू. फोनवर सांगायचं ते आपल्या वाईट दिवसाचं वर्णन. पाहुणे आले की आपण घर आवरून दाखवतो, तसं शरीर आवरून दाखवायची ही जागा नाही. सकाळी झोप चांगली झालेली असताना तुम्ही दहा पावलं टाकता, हे खरं. पण फिजिओथेरपीच्या पाऊण तासानंतर ती दहाची दोन होतात, हेही तितकंच खरं, आणि गाडीला त्या दोन पावलांशीच काम आहे. तुमच्याच पत्रात त्याचा पुरावा आहे. जाताना मोटारीत बसवलं गेलात, येताना उतरता आलं नाही. माणूस तीच, गाडी तीच, मध्ये फक्त व्यायाम झाला. म्हणून परतीचा प्रवास वेगळा सांगा : ‘जाताना मी सीटवर बसू शकेन, येताना मला व्हीलचेअरमध्येच बसून यावं लागेल.’ हे एक वाक्य ऐकलं की कुणी तुम्हाला साधी मोटार पाठवणार नाही.

बाकीचं एका कागदावर लिहून फोनजवळ ठेवा. तोंडी सांगायला गेलं की आपण ऐनवेळी मवाळ होतो, कागद होत नाही. माझ्या कागदासारखा तुमचा साधारण असा होईल (आकडे तुमचे घाला) : ‘मी व्हीलचेअर वापरते. घडीची आहे, हाताने ढकलायची. खुर्चीचं वजन 18 किलो, माझं 60. रुंदी 64 सेंटिमीटर, पाय ठेवून लांबी 110. डावा हात आणि डावा पाय कमजोर आहे. पायरी चढता येत नाही, एकही नाही. मला काखेत धरून उचलू नये. घराच्या दारापासून रस्त्यापर्यंत दोन पायऱ्या आहेत. तिथे खुर्ची उतरवायला माणूस लागतो.’

रुंदी मोजताना सीटची मोजू नका. बाहेरून हाताने फिरवायच्या कड्या असतात ना, त्या कडीपासून त्या कडीपर्यंत मोजा. लांबी मोजताना तुम्ही खुर्चीत बसलेल्या हव्यात आणि पाय फूटरेस्टवर हवेत, कारण बुटाचं टोक फूटरेस्टच्या पुढे येतं. हा मला किरकोळपणा वाटायचा, पण एकदा गाडीच्या लिफ्टच्या, म्हणजे खुर्चीसकट माणसाला वर घेणाऱ्या यंत्राच्या, फळीवरची कड माझ्या अंगठ्यावर उठली, तेव्हापासून वाटत नाही. वजनही दोघांचं मिळून सांगायचं, खुर्चीचं आणि आपलं. अमेरिकेत गाडीच्या लिफ्टसाठी जो सरकारी नियम आहे त्यात लिफ्ट किमान 272 किलो पेलणारी आणि तिची फळी साधारण 76 बाय 122 सेंटिमीटरची असावी लागते. तुमच्या साध्या खुर्चीला हे भरपूर झालं. पण बॅटरीवरची खुर्ची एकटीच शंभर किलोच्या वर जाऊ शकते, तेव्हा पुढेमागे तशी खुर्ची घेतलीत तर ‘खुर्ची बदलली’ असा फोन आधी संस्थेला करा. आणि एक. आपलं वजन सांगताना आपण सगळेच थोडं कमी सांगतो. इथे नका सांगू.

फोनवर आणखी एक गोष्ट विचारून घ्या : ‘तुम्ही कुठून कुठपर्यंत नेता?’ घरून नेतो या शब्दाला प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्थ असतो. काही सेवा रस्त्याच्या कडेपासून कडेपर्यंत असतात, ड्रायव्हर गाडी सोडत नाही. काही दारापासून दारापर्यंत. काही अगदी घरात येऊन खुर्ची बाहेर काढतात आणि पलीकडे आत नेऊन सोडतात. तुमच्या दोन पायऱ्यांचं काय करायचं ते या एका उत्तरावर ठरतं. पहिल्या प्रकारची असेल तर त्या पायऱ्यांपुरता माणूस तुम्हालाच बघावा लागेल, आणि तो ‘त्या वेळी कुणीतरी असेलच’ असा न ठेवता नक्की करून ठेवा.

वेळेबद्दल. तुम्ही फोनवर निघायची वेळ सांगितली असणार. अशा गाड्यांना पोहोचायची वेळ सांगायची : ‘मला साडेदहाला आत असायला हवं.’ मग वाटेत कुणाला घ्यायचं, किती आधी निघायचं, हा हिशेब त्यांचा. ही गाडी सामायिक असते, तेव्हा दोघातिघांना घेत जाणार, हे धरूनच चालायचं. येण्याची वेळही ते ठोक सांगत नाहीत, एक टप्पा सांगतात, दहा ते साडेदहा असा. त्यात गाडी कधीही आली तरी ती त्यांच्या लेखी वेळेवर आली. आणि आल्यावर बऱ्याच ठिकाणी ड्रायव्हर पाचेक मिनिटंच थांबतो. म्हणून टप्पा सुरू होताना दाराशी तयार बसायचं, शाल, चष्मा, कागद सगळं मांडीवर घेऊन. परतीसाठी दोन पद्धती असतात. एक, वेळ आधीच ठरवायची. दुसरी, झालं की फोन करायचा आणि जी गाडी मोकळी होईल ती येते. तुमचा सव्वा तास दुसऱ्या पद्धतीतला दिसतो. फिजिओथेरपी ठरलेल्या वेळेत संपते, तेव्हा तुम्ही पहिलीच घ्या, वर पंधरा-वीस मिनिटं मोकळी ठेवून.

ताटकळणं आलं की दुसरा एक विषय येतोच आणि तो कुणी बोलत नाही. लघवीचा. प्रवास लांबेल या धास्तीने सकाळपासून पाणी न पिणाऱ्या बायका मला डझनाने माहीत आहेत, मीही त्यातलीच होते. असं करू नका. अर्धांगवायूनंतर तर नाहीच. जास्तीत जास्त किती वेळ गाडीत बसावं लागेल, हे फोनवर सरळ विचारा. पलीकडच्यांना त्याचं काहीही वाटत नाही, रोज विचारतात लोक. निघण्याआधी आणि थेरपीनंतर, दोन्ही वेळा जाऊन या, आणि मनाला आधार हवा असेल तर पॅड वापरा.

आता काखेत हात घालण्याबद्दल. इथे चूक त्या माणसाची, तुमच्या ‘थोडं’ची नाही. आपल्या अंगाला हात लावण्याआधी विचारलंच पाहिजे, मग तो कितीही भला असो. तुमच्या बाबतीत हा नुसता मानापमानाचा मुद्दाही नाही. अर्धांगवायूत खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडतात आणि हाताचं ओझं सांध्यावर लोंबकळत राहतं. त्या बाजूने हात ओढला किंवा काखेतून वर उचललं तर सांधा निसटू शकतो, आणि तो त्रास महिनोन्‌महिने जात नाही. खांदा अजून दुखत असेल तर फिजिओथेरपिस्टना सांगा, अंगावर काढू नका. ड्रायव्हरला मात्र आधीच, तो खाली उतरून तुमच्याकडे येत असतानाच सांगा : ‘थांबा, हात लावू नका, कुठे धरायचं ते मी सांगते.’ चाळीस मुलांचा वर्ग ज्या आवाजात गप्प व्हायचा तोच आवाज काढा. बऱ्याच संस्थांमध्ये ड्रायव्हरला माणूस उचलायची परवानगीच नसते. त्याच्या पाठीसाठीही आणि तुमच्या हाडांसाठीही. म्हणजे तुम्ही नियमच सांगत असता.

जाताना सीटवर बसणार असाल तर ती कसरत आधी थेरपिस्टसमोर करून बघा. चढण्याची सोपी रीत अशी. गाडी फुटपाथला चिकटून नको, थोडी लांब उभी करायला सांगायची, म्हणजे तुम्ही रस्त्याच्या पातळीवर असता. फुटपाथवरून बसायला गेलं तर सीट फार खाली पडते, बसणं म्हणजे पडणं होतं. पुढची सीट पूर्ण मागे सरकवून पाठ थोडी कलती करायची. खुर्ची शक्यतो अशी लावायची की तुमची चांगली, उजवी बाजू सीटकडे येईल. ब्रेक लावायचे आणि फूटरेस्ट बाजूला करायचे. ते तसेच ठेवून उभं राहायला गेलं तर खुर्ची पुढे उलटते. मग पाठ सीटकडे, आधी बसायचं आणि नंतर पाय आत घ्यायचे, एकेक करून, डावा पाय उजव्या हाताने उचलून. सीटवर प्लास्टिकची पिशवी अंथरली तर अंग अलगद वळतं. पण गाडी सुटण्याआधी ती पिशवी काढायची, नाहीतर ब्रेक लागला की आपण पट्ट्याखालून घसरतो.

येताना खुर्चीतच बसून येणार, म्हणजे रॅम्प किंवा लिफ्ट. रॅम्पचा एक साधा हिशेब सांगते, तुम्हाला आवडेल. इमारतीच्या रॅम्पला एकास बारा उतार चांगला मानतात. गाडीचा तळ रस्त्यापासून 60 सेंटिमीटर वर असेल तर त्या हिशेबाने रॅम्प 7.2 मीटर लांब हवा. एवढा रॅम्प कुठल्या गाडीत मावणार? म्हणून गाड्यांचे रॅम्प खूप चढे असतात, कधी एकास चार, कधी एकास पाच. तिथे एकटीने हात मारत चढायला जाऊ नका, तुमच्या एका हाताने तर ते होणारही नाही. चढताना तोंड गाडीकडे आणि माणूस मागे. उतरताना खुर्ची पाठमोरी आणि माणूस खालच्या अंगाला. लिफ्ट असेल तर फळीवर आल्यावर ब्रेक लावायचे आणि हात-कोपर खुर्चीच्या आत ठेवायचे, एवढंच. आणि लिफ्ट फक्त खुर्चीवाल्यांची असते असा सगळ्यांचा समज आहे. ज्या काठीवाल्यांना दोन पायऱ्याही जड जातात, त्यांना अनेक गाड्यांत लिफ्टवर उभं राहून वर जाता येतं. फक्त विचारावं लागतं.

गाडीत शिरल्यावरची पाच मिनिटं सगळ्यात महत्त्वाची. इथे मी स्वतः तोंड मिटून बसले होते त्याची गोष्ट सांगते. पहिल्याच वर्षी एका गाडीत ड्रायव्हरने माझी खुर्ची आडवी, खिडकीकडे पाठ करून उभी केली आणि म्हणाला, ब्रेक लावलेत ना, मग झालं. मला कळत होतं की हे काही झालेलं नाही, पण गाडीत माणसं खोळंबली होती. पहिल्याच मोठ्या वळणावर खुर्ची कलली आणि माझं कपाळ समोरच्या सीटच्या दांड्यावर. टेंगूळ आलं, त्यावर सुटले.

खुर्चीचे ब्रेक चाक फिरू नये एवढ्यासाठी असतात. खुर्ची जागची हलू नये हे त्यांचं कामच नाही. गाडीत बसण्यासाठीच्या व्हीलचेअरची एक आंतरराष्ट्रीय चाचणी आहे, आयएसओ 7176 या मालिकेतला 19 वा भाग. त्यात ताशी 48 किलोमीटर वेगाची समोरासमोर धडक घडवतात, आणि तो धक्का गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 20 पट असतो. म्हणजे तुमची 18 किलोची खुर्ची त्या क्षणी 360 किलोच्या जोराने पुढे जाऊ बघते, आणि तुम्ही 60 किलोच्या, म्हणजे 1200. ब्रेकचा इवलासा खटका त्याला काय पुरणार?

म्हणून खुर्चीचं तोंड गाडीच्या तोंडाकडे हवं आणि तिला चार पट्टे हवेत, दोन पुढून, दोन मागून, जमिनीतल्या पट्टीला अडकवलेले. हूक खुर्चीच्या मुख्य सांगाड्याला लागायला हवेत. चाकाला, फूटरेस्टला, हातांच्या दांड्यांना कधीच नाही, कारण ते सगळं सुटून हातात येतं. गाडीत नेण्यासाठी बनवलेल्या खुर्च्यांवर हूक कुठे लावायचा तिथे हुकाचंच छोटं चित्र असतं. तुमच्यावर नसेल तर थेरपिस्टकडून चार योग्य जागा ठरवून घ्या आणि रंगीत चिकटपट्टी लावून टाका. माझ्या खुर्चीला लाल पट्ट्या आहेत. ड्रायव्हर बदलला तरी मला बोलावं लागत नाही, ‘लाल दिसेल तिथे’ एवढं पुरतं. चारही लागल्यावर खुर्ची हलवून बघायला सांगा. पाचेक सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली तर पट्टे सैल आहेत.

हे झालं खुर्चीचं. तुमचा पट्टा वेगळा. खुर्चीला स्वतःचा जो कमरपट्टा असतो तो आपण नीट ताठ बसावं यासाठी असतो, अपघातात तो टिकेल असं धरू नका. गाडीचाच पट्टा लावायचा. कमरेचा भाग पोटावरून न नेता खाली, ओटीपोटाच्या हाडांवर बसवायचा, आणि खुर्चीच्या हातांच्या वरून नाही तर त्यांच्या आतून घ्यायचा, म्हणजे तो अंगाला लागून राहतो. खांद्याचा भाग खांद्याच्या मधोमध, मानेला घासणारा नको. तुमच्या डाव्या खांद्यावरून पट्टा येत असेल तर खाली मऊ घडी ठेवा, पण पट्टा टाळू नका. आणि खरं सांगायचं तर, अंगात बळ असेल त्या दिवशी खुर्चीपेक्षा गाडीच्या सीटवर बसणं अधिक सुरक्षित. सीट धडकेचा विचार करून बनवलेली असते, घडीची साधी खुर्ची बहुधा नसते. पण चढउतारात पडण्याचा धोका वाढत असेल तर खुर्चीतच बसा. हा निर्णय त्या त्या दिवशी तुमचा, ड्रायव्हरच्या सोयीचा नाही.

गरजूची जागा अडवण्याबद्दल तुम्ही लिहिलंय. गरजूंची रांग लावायचं काम संस्थेचं आहे. त्यांचे निकष असतात, अर्ज असतो, त्यात बसलात तर बसलात. तुम्ही न गेल्याने ती जागा आपोआप दुसऱ्या कुणाला मिळत नाही. तुमची गल्ली वगळून गाडी तेवढ्याच खर्चात रिकाम्या सीटसकट पुढे जाते. जागा खरोखर अडते ती गाडी सांगून ऐनवेळी न गेल्यावर. तसं झालं तर आदल्या संध्याकाळीच फोन करून रद्द करा. वारंवार न कळवता चुकवणाऱ्यांची सेवा काही ठिकाणी थांबवतातही, आणि मला ते योग्य वाटतं.

फुकटात घेऊन वर तक्रार कशी करायची, हा प्रश्न वाचून मात्र मी मान हलवली. 13 डिसेंबर 2006 ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला. त्याचं 20 वं कलम येण्याजाण्याबद्दल आहे, आणि त्यात शब्द आहेत ते असे की माणसाला स्वतःच्या पसंतीच्या पद्धतीने, पसंतीच्या वेळी आणि परवडेल अशा खर्चात ये-जा करता यावी. उपकार हा शब्द त्यात कुठे नाही. अर्थात कलम दाखवून ड्रायव्हरशी भांडा असं मी म्हणत नाही. तो बिचारा आपला दिवस देतोय. तक्रार त्याच्यावर न करता कार्यालयाला लिहा, चार ओळी पुरे : तारीख, वेळ, न विचारता उचललं, खांदा दुखावला, ड्रायव्हरांना धरण्याची रीत शिकवावी. ती चिठ्ठी पुढच्या बाईचा खांदा वाचवेल. आणि माणूस भला होता, हेही त्यात घाला. खरं आहे ते.

मुलाबद्दल माझं म्हणणं थोडकं आहे. तो बोलत नाही, तेव्हा तुम्ही बोला. पहिल्या खेपेला त्याला सोबत घ्या. गाडी सांगतानाच सोबत्याची सीटही सांगायची असते, ऐनवेळी ती निघत नाही. पण ती पहिली खेप थेरपीची नको. जिथे उशीर झाला तरी काही बिघडत नाही अशा ठिकाणी जा, वाचनालयात किंवा मैत्रिणीकडे, सेवा चालत असेल त्या कामाला. काही सेवा फक्त दवाखान्यासाठी असतात, विचारून घ्या. त्या दिवशी पट्टे कसे लागतात, पायऱ्यांवर कोण येतं, दाराशी किती वेळ जातो, ते मुलाला नुसतं बघू द्या. मदत करायला धावला तर बस म्हणून सांगा. घरी आल्यावर त्या कागदात दुरुस्त्या करा. माझा कागद सातव्यांदा लिहिलेला आहे.

आणि खुर्चीचे सुटे भाग, उशी, दोन्ही फूटरेस्ट, यांवर जाड पेनने नाव लिहा. घडी करून डिकीत टाकताना ते वेगळे होतात आणि मागे राहतात. माझा उजवा फूटरेस्ट तीन वर्षांपूर्वी असाच एका गाडीबरोबर गेला, तो अजून यायचाय.